सालबर्नियाची प्रधानकी

त्या दिवसांत अमरावतीत ज्याला त्याला अमेरिकेची काळजी लागलेली असे. तिकडे उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या लोकांची लढाई जुंपली होती, तिथला कापूस विलायतेला जाईनासा झाला होता आणि विलायतेच्या गिरण्यांना एकाएकी आमच्या वऱ्हाडाची आठवण झाली होती. ज्यांनी जन्मात दर्यापूरच्या पलीकडे पाऊल टाकलं नव्हतं, अशी माणसं सकाळी दात घासता घासता विचारत, "काय बे, थांबली का लढाई?" कोणी "नाही" म्हटलं की समाधानाने चूळ भरत. हे काही चांगलं नव्हतं, हे आता कळतं. तेव्हा मीही त्या चूळ भरणाऱ्यांतलाच होतो.

मी मराठी शाळेत नवा मास्तर होतो. वय बावीस. शाळा सकाळची, दुपारी एका अडतवाल्या शेठजींच्या दुकानापुढच्या ओट्यावर बसून मी मुंबईहून आलेलं वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवी. आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी. शेठजींचा हिशेब साधा होता: बातमी ऐकायला शेतकरी जमतील, त्यांच्या बैलबंड्या ओट्यासमोर उभ्या राहतील आणि बंडी एकदा जिथे उभी राहिली तिथेच कापूस उतरतो. त्यांच्या मुनीमजींना मोडी भराभर वाचता येई, पण छापील बाळबोध अक्षर त्यांना पुरतं दिसत नसे. म्हणून मी.

एके दिवशी मी ओट्यावर पोचलो तर पन्नास-साठ माणसं जमलेली आणि वर्तमानपत्राचा पत्ता नाही. शोधता शोधता ते दुकानामागच्या अंगणात सापडलं. शेठाणींनी ते उलगडून उन्हात पसरलं होतं आणि त्यावर ओळीने मुगाच्या वड्या घातल्या होत्या. मी एक वडी उचलून पाहिली. ती आली, पण खालच्या तीन ओळी घेऊन आली. दुसरी उचलली, तिने एका सेनापतीचं अर्धं नाव नेलं. शेठाणी आतून ओरडल्या, "मास्तर, वड्या मोडू नका!" शेठजी कानाशी लागले, "काहीतरी वाचा. लोक पांगले तर समोरच्या अडतीत जातात."

मी तो वड्यांचे डाग पडलेला कागद हातात धरून ओट्यावर बसलो. खोटं बोलायचं तर होतंच. पण अमेरिकेबद्दल खोटं बोललो असतो तर कोणी त्या भरवशावर कापूस विकला असता, कोणी ठेवून दिला असता आणि ते पाप माझ्या माथी आलं असतं. तेव्हा मी असा विचार केला, की ज्या देशाचा कापसाशी काही संबंध नाही, त्या देशाबद्दल खोटं बोलावं. आणि असा देश सापडेना, म्हणून जो देशच नाही त्याच्याबद्दल बोलावं. एका वडीखालून शब्दाचं शेपूट दिसत होतं: "र्निया". मी त्याला पुढून "सालब" जोडलं.

"सालबर्निया देशाच्या मुख्य प्रधानांनी राजीनामा दिला," मी वाचलं.

मग मागून एक जण म्हणाला, "सालबर्डी? थे तं आमच्या मोर्शीकडं हाय. दरसाल शिवरात्रीले जातो मी. तिथं कधी आला परधान?"

"सालबर्डी नव्हे, सालबर्निया. समुद्रातलं बेट आहे."

"कापूस पिकते का तिथं?"

"नाही."

"मंग सोडा," दोघे-तिघे म्हणाले. सुटलो, असं मला वाटलं. पण ओट्याच्या उजव्या टोकाला एक दांडगे, पांढऱ्या मिशांचे पाटील बसत, ते म्हणाले, "थांबा जी. राजीनामा काहून देल्ला?"

आता कारण देणं भाग होतं. मी सांगितलं, की तिथल्या राजाला घराच्या दारांवर पट्टी बसवायची होती. जितकी दारं, तितका कर. प्रधान म्हणाले, मग गरिबाने खिडकीतून आत यायचं का? राजा ऐकेना, तेव्हा प्रधानांनी डोक्यावरची टोपी काढून त्याच्यापुढे ठेवली आणि घरी निघून गेले.

"पैदल?" पाटलांनी विचारलं.

"पायीच."

"शाब्बास."

मग बऱ्याच शंका आल्या. प्रधान म्हणजे निजामाचा असतो तसा दिवाण का? मी म्हटलं, तसाच, पण याला लोक निवडतात. हे कोणाच्या गळी उतरेना. "लोक म्हंजे कोण? आपल्यासारखे?" एकाने विचारलं. मी होय म्हटलं. तो शेजाऱ्याकडे वळून म्हणाला, "मंग त्या देशाचं काही खरं नाही."

पुढच्या आठवड्यात वर्तमानपत्र मी स्वतः टपालातून आणलं, वड्यांच्या वाटेला जाऊ दिलं नाही. अमेरिकेची लढाई चांगली तासभर वाचली. सगळ्यांनी मन लावून ऐकलं. वाचून झाल्यावर घडी घालू लागलो, तर पन्नासातला एकही माणूस उठेना.

"आन त्या परधानाचं काय झालं?" पांढऱ्या मिशांच्या पाटलांनी विचारलं.

मी कागद पुन्हा उलगडला.

इथे त्या पाटलांबद्दल सांगितलं पाहिजे, कारण पुढे जे घडलं ते त्यांच्यामुळे घडलं. दर्यापूरकडच्या एका गावचे ते. काळ्या मातीचं मोठं वावर. त्यांना आम्ही थोरले पाटील म्हणत असू, कारण ओट्याच्या डाव्या टोकाला त्यांचे सख्खे धाकटे भाऊ बसत. दोघे एकाच गावाहून, एकाच रस्त्याने, दोन वेगळ्या बंड्यांतून येत. बापाची अडत हीच, म्हणून दुकान बदलायला दोघांतला कोणीच तयार नव्हता. दोघांच्या वावरांमधला धुरा, म्हणजे बांध, धाकट्याने नांगरता नांगरता आपल्या सोयीने सरकवला, असं थोरल्यांचं म्हणणं, आणि त्यावरून अकरा वर्षं ते एकमेकांशी बोलत नव्हते. म्हणजे बोलत, पण तिसऱ्याच्या तोंडून. थोरले माझ्याकडे पाहून म्हणत, "मास्तर, याले सांगा, उन्हात बसला हाय, सरक म्हणा." चार हातांवर बसलेले धाकटे मला म्हणत, "त्याले सांगा, ऊन माह्यं हाय." मी बिचारा दोघांना दोन्ही गोष्टी पुन्हा सांगत असे.

थोरल्यांना प्रधान आवडले, एवढं धाकट्यांना पुरेसं होतं. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "मास्तर, त्या परधानाच्या विरुद्ध कोणी नाही का?" नव्हतं. तेव्हा मी एक उभा केला. बेटावरच्या सगळ्या बोटी ज्याच्या मालकीच्या, असा एक जाड्या सावकारासारखा माणूस. धाकट्यांनी त्याला तिथल्या तिथे आपला म्हटला. शेठजींनाही तो पसंत पडला. व्यापारी माणूस राज्य नीट चालवतो, असं त्यांनी बोलून दाखवलं. अशा रीतीने ओट्यावर दोन पक्ष पडले, आणि मी दर आठवड्याला दोघांना थोडं थोडं वाटून देऊ लागलो.

प्रधानांची कारकीर्द मी जमेल तशी चालवली. लोकांनी राजवाड्यापुढे बसून त्यांना परत बोलावलं. दारांवरची पट्टी रद्द झाली. मग त्यांनी एक पूल बांधायला काढला, तो बोटवाल्याने होऊ दिला नाही, कारण पूल झाला तर बोटीत कोण बसणार? पूल अर्धाच राहिला. यावर ओट्यावर दोन आठवडे वाद झाला. थोरले म्हणाले, अर्धा तरी झाला. धाकटे मला म्हणाले, "त्याले विचारा, अर्ध्या पुलावरून कुठी जातो?" थोरल्यांचा पक्ष त्या दिवशी लवकर बैल जुंपून निघाला. मला फार वाईट वाटलं आणि मी पुढच्या खेपेला प्रधानांच्या हस्ते एक विहीर खोदवून घेतली.

शाळेत माझं लक्ष लागेना. पाढे म्हणवून घेताना मनात राजसभेतली भाषणं चालत. शिवाय मी तेव्हा एकटा होतो. सासूबाई आजारी पडल्या म्हणून बायको चार महिने अकोल्याला माहेरी होती. मी स्वतः भाकरी थापत असे आणि ती बऱ्याचदा सालबर्नियाच्या नकाशासारखी होई. बायकोची आठवण येई. म्हणून असेल, प्रधानांना मी एक बायको दिली. ती राजकारणात पडत नसे. प्रधान कागदांत डोकं घालून बसले की ती दारातून म्हणे, "जेवायला या. राज्य काही पळून जात नाही, भात निवतोय." ओट्यावर हे सर्वांना फार आवडलं. दोन्ही पक्षांना.

उन्हाळ्याच्या सुटीत बायकोला आणायला मी बैलांच्या दमणीत बसून अकोल्याला गेलो. सासरे वकील होते. अकोल्याच्या कचेरीत त्यांचा दरारा होता, आणि घरात त्यांच्या मताला कोणी हात लावत नसे. हातपाय धुऊन पानावर बसलो. सासऱ्यांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "काय जावईबापू, अमरावतीत काही कळतं का जगाचं? सालबर्नियाच्या प्रधानाचं ऐकलंत?"

मला ठसका लागला. सासूबाईंनी पाणी दिलं.

अमरावतीहून कापसाच्या बंड्या अकोल्याला जात, त्यांच्याबरोबर गाडीवानांच्या तोंडून प्रधानही गेले होते, हे मला तेव्हा कळलं. सासरे संध्याकाळी देवळाच्या पारावर बसून तिथल्या मंडळींना सालबर्निया समजावून सांगत. "मोठा माणूस," ते म्हणाले. "आणि एक पाय लाकडी असून हे सगळं करतो."

"लाकडी पाय?" मी विचारलं.

"डावा."

"मला वाटतं, तसं काही छापून आलेलं नाही."

"छापून यायला ते काय मूर्ख आहेत?" सासरे म्हणाले. "राज्याच्या प्रधानाचा पाय लाकडी आहे, हे शत्रूला कळवायचं असतं का? मला आतली माहिती आहे."

सासऱ्यांच्या घरात बसून सासऱ्यांना सांगायचं, की त्या पायाचा मालकच मी जन्माला घातला आणि तो दोन धड पायांवर घातला, हे माझ्याच्याने होईना. मग सासऱ्यांनी प्रधानांच्या बायकोचं सांगायला घेतलं. "मोठी समजूतदार बाई. एकदा प्रधान कागद पाहत होते, तर म्हणाली, जेवायला या, राज्य काही पळून जात नाही, भात निवतोय."

माझी बायको वाढत होती. तिचा हात भातावर थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पानातल्या लोणच्याकडे पाहिलं.

परतीच्या वाटेवर मूर्तिजापूरला पोचलो. तिथे बैल सोडले, झाडाखाली बसलो, तेव्हा म्हणाली, "ती प्रधानीणबाई माझ्यासारखी बोलते."

मी सगळं सांगून टाकलं. वड्यांपासून. वाटलं, रागावेल. तिने शिदोरी सोडली. मग तिने विचारलं, "त्या बाईला मूलबाळ?"

"नाही सुचलं."

"आणि इतके महिने एकाच कपड्यात आहे ती. तुम्ही प्रधानांच्या टोपीचं तीनदा सांगितलंत, बाबांनी मोजून ठेवलंय. तिला एक लुगडं तरी घेऊ द्या."

"त्या देशात लुगडं नसतं."

"देश तुमचाच ना?"

त्या दिवसापासून सालबर्नियाचा कारभार आम्ही दोघांनी चालवला, आणि खरं सांगायचं तर तो सुधारला. बोटवाल्याला तिने एक आई दिली, जी त्याला चारचौघांत रागावे. ओट्यावर त्या म्हातारीची वाट पाहणारा तिसरा पक्ष निघाला.

अमरावतीला आलो तर तिथे माझ्यावर ठपका तयार होता. अकोल्याकडून परतणाऱ्या गाडीवानांनी लाकडी पाय आणला होता. थोरले पाटील गंभीर होते. "मास्तर, पायाचं तुमी आमाले सांगतलं नाही."

"मला माहीत नव्हतं."

"तुमी वाचता, आन तुमाले माहीत नाही? अकोल्यावाल्यांले माहीत?" ते दुखावले होते. मी त्याच बैठकीत डावा पाय लाकडी करून दिला. धाकटे म्हणाले, "तरीच पूल अर्धा राहिला."

पुढच्या हंगामात मी मोठी चूक केली. कारकिर्दीत काही नवं घडेना, म्हणून सालबर्नियात निवडणूक लावली. प्रधान विरुद्ध बोटवाला. मला वाटलं, चार आठवडे मजेत जातील. पण माणसं झोप विसरली. शेठजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "बोटवाला आला तर बरं दिसेल, मास्तर." जणू मी मतं मोजणार होतो, मोजणार मीच होतो म्हणा. थोरल्यांनी घरी मधाचा घडा पाठवला, मेळघाटातला. निरोप एवढाच, की परधानाच्या नावाने देवाला वाहावा. दुसऱ्या दिवशी धाकट्यांनी त्याहून मोठा घडा पाठवला, निरोप न देता. आणि पुढच्या बाजारी ओट्यावर दोन्ही पक्षांत बोलाचाली होऊन पागोट्यापर्यंत हात गेले. एका भल्या माणसाचं पागोटं उलगडून सरकीच्या ढिगात पडलं.

मी घाबरलो. घरी येऊन बायकोला म्हटलं, कोणीही जिंकलं तरी हे दोघे भाऊ एकमेकांची डोकी फोडणार.

ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मग प्रधान आणि बोटवाला भाऊच आहेत, असं सांगा. सख्खे. धुऱ्यावरून भांडलेले. निवडणुकीच्या आदल्या दिवशी त्यांना कळतं की भांडण खोटं होतं, आणि गळ्यात पडतात. ऐकून हे दोघेही पडतील."

मला ही युक्ती फार सुंदर वाटली. मी ती रंगवून वाचली. बेटावरची दोन शेतं, मधला धुरा, नांगराचा फाळ, अबोला. वाचता वाचता माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. वर पाहिलं तर ओट्यावर कोणी हलत नव्हतं. सगळे उजव्या टोकाकडे पाहत होते, मग डाव्या टोकाकडे. थोरले उठले. धाकटे उठले. दोघे दोन दिशांनी चालत गेले. गळ्यात कोणी पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघे माझ्या घरी आले. एकाच बंडीतून. मला वाटलं, युक्ती लागू पडली. मी बायकोकडे अभिमानाने पाहिलं. पण थोरल्यांचा चेहरा लाल झाला होता.

"मास्तर," ते म्हणाले, "आमच्या घरचं भांडण अखबारात कोनी देल्लं?"

मी त्यांच्यापुढे सतरंजी ओढली.

"धुरा, नांगर, अबोला. सगळं आमचंच हाय," धाकटे म्हणाले. "थ्या परधानाच्या नावावर घालून आमची बदनामी करून राहिले. हे समुद्रापार गेलंच कसं?"

"सारी दुनिया हासत असंन," थोरले म्हणाले. "तुमी कागद घ्या. त्या परधानसाहेबाले पत्र लिहाचं हाय. दोघाच्या नावानं."

कागद घेतला. काय करणार? "मेहरबान मुख्य प्रधानसाहेब, मुक्काम सालबर्निया," असं वर लिहिलं. थोरले सांगू लागले, "लिहा, की आमच्या भावानं धुरा चार हात सरकवला, हे आमी गावाबाहीर कोनाले बोललो नाही."

"चार नाही, लिहू नका," धाकटे म्हणाले. "दोन."

थोरले अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याकडे वळले. "दोन?"

"दोनच, दादा. मंग पुढच्या साली मले कसंतरी वाटलं, त्यातला एक मागं घेतला."

"म्हंजे एक हात?"

"एक."

"मंग अकरा साल चार काहून कबूल करत होता?"

"मी कधी कबूल केलं? तू चार चार म्हणत होता. मी म्हणलो, म्हण, तुले काय म्हणाचं ते."

थोरल्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. डोकं खाजवलं. मग हळूच म्हणाले, "एक हात तं मीही सरकवला होता. तुह्याकडं. तू चार घेतला म्हणून."

दोघे विचार करू लागले. मीही केला. धाकट्यांनी बोटं मोजली. "मंग धुरा जाग्यावरच हाय," ते म्हणाले.

माझी बायको स्वयंपाकघरात भिंतीला टेकून हसत होती, ते मला ऐकू येत होतं. पाटलांना नशिबाने आलं नाही.

मी तेवढ्यावर गप्प बसलो असतो तर सगळं गोड झालं असतं. पत्र टपालात टाकतो म्हटलं असतं आणि चुलीत घातलं असतं. पण थोरल्यांनी पत्राचा शेवट सांगितला, "आमच्या घरात भांडण नाही, होतं थे मिटलं, खोटी बातमी मागं घ्यावी," आणि बाहेर जाऊन बंडीतून एक नवी कोरी घोंगडी आणली. बेटावर थंडी असंन, लाकडी पायाले वारं लागत असंन, म्हणाले. पत्र आणि घोंगडी घेऊन ते स्वतः मुंबईला जाणार होते. तिथे जहाजवाल्याच्या हातात देणार होते. साठीचा माणूस, उजव्या कानाने कमी ऐकणारा, मुंबईच्या बंदरावर सालबर्नियाचं जहाज विचारत फिरतोय, हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि माझं धाडस संपलं. किंवा तेव्हाच कुठे सुरू झालं असेल.

"पाटील," मी म्हटलं, "मुंबईला जाऊ नका. असा देश नाही."

"नाही म्हंजे? बुडाला?"

"नव्हताच. मी मनाने सांगत होतो."

"आन परधान?"

"तेही नाहीत."

धाकट्यांनी विचारलं, "बोटवाला?"

"नाही."

"त्याची माय?"

"ती यांची," मी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. ते बोट दाखवायला नको होतं, हे मला नंतर घरात सांगण्यात आलं.

धाकटे खाली बसले. "मंग मी दोन हंगाम कोनासाठी भांडलो?"

"माह्याशी भांडाले तुले कोनीतरी पाह्यजेच होतं," थोरले म्हणाले. त्यांचा आवाज शांत होता, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. त्यांनी घोंगडी उचलून काखेत मारली. "मास्तर, हे इथं सांगून भागत नाही. ओट्यावर सांगा. साऱ्याईसमोर."

पुढच्या बाजारी मी ओट्यावर उभा राहून सांगितलं. सुरुवातीला कोणाला कळलंच नाही. सालबर्नियाचं काही नवीन आहे असं वाटून ते कान देऊन ऐकत होते. कळलं तेव्हा गलका झाला. शेठजींनी तिथेच सांगितलं, की पुढच्या बाजारापासून दुसरा वाचणारा येईल. मोर्शीकडचा तो गृहस्थ मात्र खूश होता. "मी पहिल्या दिवशीच म्हणलो होतो, असा गाव नाही." आणि मागे एक तरणा शेतकरी उभा होता, कापूस ठेवायचा की काढायचा या चिंतेत असलेला, त्याने दबक्या आवाजात विचारलं, "मास्तर, अमेरिका तरी हाय का?"

"आहे."

"शपथ?"

"शपथ."

गलका ओसरला तरी लोक जाईनात. शेवटी एक जण म्हणाला, "नसला तं नसला देश. निवडणुकीत कोन आला, तेवढं सांगून टाका न जी." मी थोरल्यांकडे पाहिलं. ते तोंड फिरवून उभे होते, पण चांगला कान माझ्याकडे होता. तेव्हा मी सांगितलं, की प्रधान एका मताने हरले. ते एक मत त्यांच्या बायकोचं. तिला ते घरी हवे होते. मग प्रधान आपल्या गावी गेले, विहिरीजवळ वांगी लावली आणि गरम भात खाऊ लागले.

ओटा हसला. धाकट्यांचा पक्ष जिंकला होता, तरी कोणी जयजयकार केला नाही. "बाईनं बरोबर केलं," एवढं एक जण म्हणाला, आणि माणसं आपापल्या बैलांकडे वळली.

सासऱ्यांना मी सविस्तर पत्र लिहून क्षमा मागितली. त्यांचं उत्तर आलं ते बायकोच्या नावाने. तुझे यजमान शिकलेले आहेत पण त्यांना राजकारणातलं समजत नाही, वरून दाब आल्यावर मोठमोठे लोक असंच बोलतात, आम्ही काय ते ओळखून आहोत. पारावरचं त्यांचं सांगणं पुढे कित्येक वर्षं चालू होतं, असं ऐकतो.

मला वाटलं, पाटलांशी माझा संबंध संपला. पण पंधरा दिवसांनी शाळा सुटायच्या वेळी थोरले दारात उभे. मागे धाकटे.

"मास्तर, आमाले वाचाले शिकवा," थोरले म्हणाले.

"या वयात?"

"तुमी फसवलं, कारण आमाले अक्षर येत नाही. उद्या दुसरा कोनी फसवंन. तुमी निदान मजा तरी देल्ली, थो देईलच असं नाही."

नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. दर बाजारी, शाळा सुटली की दोघे पाटीवर अक्षरं गिरवायला बसत. थोरल्यांचा हात नांगराच्या रुमण्याला सरावलेला; पाटीवर ते इतका जोर देत की लेखण्या मोडत. धाकटे त्यांच्यापेक्षा लवकर शिकले आणि ते लपवू लागले, हे मी पाहिलं. थोरल्यांचा "ज्ञ" अडला तर धाकटेही मुद्दाम अडत. "ळ" मात्र कोणालाच साधेना. तो दोघांनी एकमताने सोडून दिला.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत अमेरिकेतली लढाई थांबली. बाजारातल्या माणसांचे चेहरे उतरले. ते वर्ष वऱ्हाडाला जड गेलं, त्याबद्दल इथे लिहीत नाही. त्याच वर्षी दोघा पाटलांनी धुऱ्याचा कागद करायचं ठरवलं, म्हणजे पोरांच्या वेळी पुन्हा भानगड नको. मला साक्षीदार म्हणून नेलं. कचेरीतल्या कारकुनाने सवयीप्रमाणे कागदाच्या खाली आधीच दोन नांगर काढून ठेवले होते, कारण शेतकरी सही म्हणून नांगराचीच निशाणी करत.

"हे खोडा," थोरले म्हणाले. "मी सही करीन."

कारकुनाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. थोरल्यांनी बोरू घेतला, शाईत बुडवला, जीभ दातांत धरली आणि आपलं नाव लिहिलं. त्याला बराच वेळ लागला. कारकुनाने कागद उचलून पाहिला, भुवया चढवल्या आणि म्हणाला, "पाटील, यात एक काना जास्त झालाय आणि वेलांटी उलटी आहे. नाव चुकलंय."

"नाव माह्यं हाय," थोरले म्हणाले. "कसं लिहाचं थे मी पाहीन. तुमी फक्त शाई वाळाले वाळू टाका."

कारकुनाने वाळू टाकली. धाकट्यांनी बोरू घेतला, भावाच्या सहीकडे नीट पाहिलं आणि आपल्याही नावात एक काना जास्तीचा घातला.